चार पांढऱ्या चिंध्या

३ तारीख, मंगळवार

सापडलं: निळा गॉगल एक. रबरी टोपी एक. डाव्या पायाची चप्पल एक. (उजवी घालून तो माणूस घरी कसा गेला असेल? लंगडी घालत?)

ही वही खरं तर सापडलेल्या वस्तूंची. तलावावर पोहायला येणारे लोक काय काय विसरतात ते मी लिहायचं. तीन रकाने : वस्तू, कुठे सापडली, कोणी नेली. तिसरा रकाना बहुतेक रिकामाच. वही मागून कोरी होती, म्हणून मागून मी माझं लिहिते. कपडे बदलायच्या खोल्या पुसून झाल्या की दहा मिनिटं. कोण वाचतंय.

उद्या वरच्या ऑफिसातून तपासणी. साहेब सकाळपासून शेपटीला आग लागल्यासारखे फिरतायत. "सगळं चकाचक पाहिजे, बाई. पंपरूमसुद्धा." पंपरूम दादाची. माझ्या सख्ख्या भावाची. वीस वर्षं तो तिथं पंप बघतो, पाण्यात औषध सोडतो, आणि मला आत पाऊल टाकू देत नाही. "तिथं तुझं काही काम नाही, भिंगरी." पण आज त्याची सुट्टी, आणि किल्ली साहेबांनी स्वतः दिली.

काय ती खोली! दिव्याला कोळिष्टकं. भिंतीशी चार निळे कॅन, प्रत्येकाच्या मुठीला एक चिंधी बांधलेली. उचलताना हाताला लागू नये म्हणून बांधल्या असतील. मळलेल्या, त्या दिव्यात मला चारही एकाच रंगाच्या दिसल्या. रंग म्हणजे काळा. सोडल्या, बादलीत फरशी पुसून उरलेलं हायपो होतं त्यात घातल्या, तासभर ठेवल्या. काय निघाल्या म्हणून सांगू! बगळ्याचे पंख. वाळवून पुन्हा एकेका मुठीला बांधल्या.

दादाला सांगणार नाही, ओरडेल. त्याला कळणारही नाही. वहिनीनं केस कापले तेव्हा याला आठ दिवसांनी कळलं होतं.

५ तारीख, गुरुवार

दादाला नेलं. तोंडाला फेस. हिरवट पिवळा धूर होता खाली. मी जिन्यावरून बघितला. मुलांचा सहाचा वर्ग पाण्यात होता. एकालाही काही झालं नाही. दादाला झालं.

लिहिता येत नाहीये.

८ तारीख, रविवार

तलाव बंद. सापडलं: काही नाही.

आता निदान काय झालं ते लिहिते. दादा सकाळी हायपोची टाकी भरत होता. हायपो म्हणजे पाणी शुद्ध करायचं औषध. एका कॅनमधून ओतलं आणि टाकीतून गॅस उसळला. क्लोरीन. कॅनमध्ये हायपो नव्हतंच, ॲसिड होतं. तेही तिथं लागतं, पण त्याची टाकी वेगळी. दोन्ही दिसायला पाण्यासारखी, दोन्हींचे कॅन निळे. वास म्हणावा तर दादाचं नाक केव्हाच गेलंय. वीस वर्षं त्या खोलीत काढलेल्या माणसाला जळलेला भातही कळत नाही.

पंपरूमची खिडकी लहान मुलांच्या तलावाकडे उघडते. दादा पळाला नाही. आधी खिडकी लावली, मग दाराकडे आला आणि पडला.

गळ्याला भोक पाडून नळी घातलीय. श्वास मशीन घेतं. वहिनी काचेबाहेर बसून मशीनबरोबर श्वास घेते. मी तिला हलवून सांगितलं, "वहिनी, तुमचा तुम्ही घ्या."

१० तारीख, मंगळवार

साहेबांनी बोलावलं. प्राथमिक अहवाल तयार. "ऑपरेटरने निष्काळजीपणे चुकीचा कॅन ओतला, तसेच खिडकी बंद करून हवा खेळती राहू दिली नाही." मी दोनदा वाचलं. खिडकी बंद करून!

"साहेब, खिडकी लावली म्हणून पोरं वाचली."

"तो भावनेचा भाग झाला."

२६ तारखेला चौकशी समिती बसणार. हाच अहवाल मान्य झाला तर दादाची नोकरी जाईल आणि ऑफिस उपचारातून हात काढून घेईल. मग ते मशीन, ती खोली, सगळंच. मी म्हटलं, दादाच्या वतीनं मी बोलते, नातेवाईक म्हणून. तेव्हा साहेब हसले. वाईट हसले नाहीत, त्याचंच जास्त लागलं. "बाई, हे केमिस्ट्रीचं प्रकरण आहे. समीकरण तरी मांडता येतं का तुम्हाला? समितीत प्रोफेसर आहेत. एका प्रश्नात गप्प बसवतील."

दहावीला मी विज्ञानातच गटांगळी खाल्ली होती. दादानं तेव्हा बाबांना सांगितलं होतं, पेपर अवघड होता. नव्हता.

११ तारीख, बुधवार

मास्तरीण मिळाली. दादाची मुलगी, यंदा दहावीला. आजपासून तिला मास्तरीणच म्हणायचं ठरवलंय. हॉस्पिटलच्या व्हरांड्यातलं बाकडं हा वर्ग. दुपारी दोन ते चार, भेटायची वेळ होईपर्यंत.

"आत्या, बाणाच्या डावीकडे जे घातलं ते. उजवीकडे जे निघालं ते. दोन्हीकडे प्रत्येक जातीचे अणू सारखे पाहिजेत. काही हरवत नाही, काही नवीन येत नाही."

"बरं."

"हायड्रोजन अधिक ऑक्सिजन, बाण, पाणी. H₂ + O₂ → H₂O. कर बॅलन्स."

मी मोजलं. डावीकडे ऑक्सिजन दोन, उजवीकडे एक. सोपं. पाण्याच्या O खाली बारीक दोन काढला. "झालं!"

"शाब्बास. आता ते पाणी नाही राहिलं. H₂O₂. पिऊन बघ, जीभ सोलून निघेल."

"मग?"

"खालचा आकडा बदलायचा नाही. तो त्याचा स्वभाव आहे. आकडा पुढे लावायचा. म्हणजे किती जणांना बोलवायचं ते तू ठरव, ते कसे आहेत ते नको ठरवूस."

पंधरा वर्षांची आहे. कुठून येतं हे?

१४ तारीख, शनिवार

नऊ समीकरणं, नऊ चुकली. एका बाजूला आकडा लावला की दुसरीकडे वाकडं होतं, ते सरळ करावं तर पहिलं बिघडतं. तोकडी चादर. डोकं झाकलं की पाय उघडे. बाकड्यावर रडले. मास्तरणीनं रुमाल दिला आणि म्हणाली, "रडून घे, पण वहीवर नको, शाई फुटते."

रात्री झोपेत अणू मोजते म्हणे मी. वहिनी म्हणाली.

१५ तारीख, रविवार

सुचलं! तलावावरून कुणी न नेलेल्या वस्तूंचं खोकं आणलं. ऑक्सिजन कायम जोडीनं हिंडतो, तर तो गॉगल. एका गॉगलला दोन भिंगं. हायड्रोजनची जोडी म्हणजे दोन टोप्या. पाण्याला हव्यात दोन टोप्या आणि एक भिंग. म्हणजे गॉगल अर्धा तोडायचा? अर्धा गॉगल कुणाला देता येत नाही. मग सगळंच दुप्पट करायचं! चार टोप्या, एक गॉगल, पाणी दोन. 2H₂ + O₂ → 2H₂O.

बाकड्यावर टोप्या मांडून बसलेली बघून नर्स म्हणाली, "इथं दुकान लावायचं नाही हं." मास्तरीण इतकी हसली, इतकी हसली, की तिला स्वतःलाच कसंतरी झालं आणि ती काचेकडे बघून गप्प झाली. दहा दिवसांत पहिल्यांदा हसली होती.

१६ तारीख, सोमवार

दादा शुद्धीवर. बोलता येत नाही. नळी. नर्सनं पाटी दिलीय. मला बघितलं आणि डोळे भरून आले त्याचे. मी म्हटलं, "काही लिहू नकोस, मी आहे ना, मी समितीपुढे जाणार आहे, केमिस्ट्री शिकतेय." तो इतका घाबरला की मशीन वाजायला लागलं. मान जोरात हलवली. पाटीवर लिहिलं, "चूक माझी."

असा आहे. चूक कुणाचीही असो, हा आधी मान खाली घालणार.

हाताची बोटं सारखी मनगटाभोवती फिरवत होता, गाठ मारल्यासारखी. मला वाटलं हॉस्पिटलचा पट्टा काचतोय. सैल करून दिला. तरी तेच.

१८ तारीख, बुधवार

आज देव पावला म्हणायचं.

वहिनीशी बोलताना सहज म्हटलं, निळेच्या निळे कॅन, कसं ओळखायचा दादा? वहिनी म्हणाली, "अहो, चिंध्या बांधायचे ना. लेबलं पाण्यानं निघून जातात म्हणून. लाल म्हणजे ॲसिड, पांढरी म्हणजे हायपो. तुमचा तो लाल अभ्रा फाटला होता बघा, तुम्ही शिवलेला, तो त्यासाठीच नेला होता यांनी."

मी तशीच उठले आणि तलावावर गेले. कॅन सगळे उचलून नेलेत, पण ज्यातून दादानं ओतलं तो तेवढा कोपऱ्यात आडवा. मुठीला चिंधी तशीच. पांढरी! पांढरीशुभ्र!

म्हणजे दादानं बरोबर कॅन घेतला. हायपोचाच. चारही चिंध्या पांढऱ्या होत्या, मी स्वतः धुतल्यात, मला विचारा. लाल एकही नव्हती. म्हणजे चारही कॅन हायपोचे, आणि एकात ॲसिड भरून पाठवलं ते पुरवठादाराच्या माणसानं! दादा सुटला. चिंधी सोडून ब्लाउजमध्ये ठेवली. जीव ठेवावा तशी.

१९ तारीख, गुरुवार

मास्तरणीला सगळं सांगितलं. वाटलं नाचेल. तिनं विचारलं, "आत्या, तू चिंध्या धुतल्यास? कशात?"

"उरलेल्या हायपोत. काय निघाल्या म्हणून सांगू तुला!"

तिनं पुस्तक मिटलं. डोकं दुखतंय म्हणाली. मग काचेपलीकडे गेली आणि बराच वेळ दादाजवळ बसली. दोघांचं पाटीवर काहीतरी चाललं होतं. मी गेले तर तिनं बाहीनं पाटी पुसली. बापलेकीचं असतं काहीतरी. असू दे.

२२ तारीख, रविवार

मास्तरणीचं काय बिनसलंय कळत नाही. आज म्हणते, "आत्या, तू नको जाऊस समितीपुढे. तुला अजून येत नाही. लोक हसतील."

"हसू देत."

"बाबांनापण नकोय तू गेलेलं."

"तुझ्या बाबांना काय, ते फासावरही रांगेत उभे राहतील."

मग तिनं एवढं लांबलचक समीकरण दिलं, पुस्तकातलं शेवटचं, चांदणी लावलेलं. तासभर झगडले, नाही जमलं. "बघितलंस?" म्हणाली आणि तोंड फिरवलं. लाज वाटत असेल माझी. झाडूवाली आत्या प्रोफेसरांपुढे उभी राहणार. वाटणारच. 

चार दिवस उरले.

२४ तारीख, मंगळवार

आज मी एकटीनं खरं समीकरण मांडलं. दादाचं.

NaOCl + HCl → NaCl + H₂O + Cl₂

डावीकडे हायपो आणि ॲसिड. उजवीकडे मीठ, पाणी आणि तो गॅस. मीठ आणि पाणी! स्वयंपाकघरातल्या दोन वस्तू, आणि मध्ये यमदूत. गॉगल-टोप्यांनी मोजलं. डावीकडे Cl दोन, उजवीकडे तीन. डावीकडे H एक, उजवीकडे दोन. ॲसिडच्या पुढे दोन लावला. Cl तीन आणि तीन. H दोन आणि दोन. Na एक, एक. O एक, एक.

NaOCl + 2HCl → NaCl + H₂O + Cl₂

अंगावर काटा आला. इतकी नीट बसली गोष्ट, जशी कुलपात किल्ली.

मास्तरणीला दाखवलं. तिनं लाल पेननं फुली मारली. "चूक." मी पुन्हा मोजलं. तीनदा मोजलं. बरोबर आहे! "मास्तरणे, तूच चुकलीस!" ती ओरडली, "चूक म्हटलं ना! एकदा तरी माझं ऐक!" आणि पळत खाली गेली. पोर थकलीय. डोळ्यांखाली काळं झालंय तिच्या.

मग साहेबांचा अहवाल काढला. त्यात समीकरण छापलंय, दोन न लावता! प्रोफेसरांच्या समितीपुढे जाणारं! आता बघू कोण कुणाला गप्प बसवतं.

२५ तारीख, बुधवार

दुपारी घरी उन्हात बसून चिंधी इस्त्री करत होते. समितीपुढे ठेवायची तर चुरगळलेली नको. उन्हात धरली. काठाला लाल दोरा.

दुमड घातलेला काठ. बारीक टाका. दर चौथा टाका जरा तिरका, कारण वहिनीच्या मशीनची सुई तिथं उडी मारते.

तो माझा टाका आहे. लाल अभ्र्याला मी लाल दोरा लावला होता. नायलॉनचा, कारण सुती दोरा संपला होता. नायलॉनचा रंग हायपोत जात नाही. सुती कापडाचा जातो. हे मला माहीत आहे. अकरा वर्षं फरशा पुसतेय, माझ्या प्रत्येक साडीवर पांढरे ठिपके आहेत. हे मला पहिल्यापासून माहीत आहे.

वही उलटी केली. ३ तारीख. वाचलं. माझंच अक्षर. "बगळ्याचे पंख."

इस्त्री तशीच राहिली, पाटाला डाग पडला.

मास्तरीण शाळेतून आली तेव्हा मी चिंधी पुढे धरली. तिनं दप्तर खाली ठेवलं नाही, अंगावर घेऊनच उभी राहिली.

"तुला माहीत होतं."

"एकोणीस तारखेपासून."

"आणि दादाला?"

"ओतलं तेव्हाच. दिसलं त्यांना, चारही पांढऱ्या. त्यांना कळलं असं कुणी करेल ते." मग रडायला लागली. "बाबांनी पाटीवर लिहिलं होतं. आत्याला कळता कामा नये. ती जगायची नाही."

मी तिच्या अंगावरचं दप्तर उतरवून घेतलं.

"आत्या, पुरवठादारावर ढकल ना. तू म्हणत होतीस तसंच सांग. चिंधी पांढरी आहेच. कोण तो दोरा बघतंय? तूपण सुटशील, बाबापण."

खरं आहे. कोण बघतंय. एका शब्दात दोघं सुटतात. आणि कुठेतरी कॅन भरणारा कुणी एक माणूस, ज्यानं ॲसिडच्या कॅनमध्ये ॲसिडच भरलं होतं, त्याला उद्या त्याचे साहेब बोलावतील. त्यालाही कुणीतरी बहीण असेल, गॉगल मांडून बसणारी.

"मास्तरणे, काही हरवत नाही, काही नवीन येत नाही, असं कोण म्हणालं होतं?"

"ते अणूंचं आहे गं, आत्या! माणसांचं नाही!"

  मी फक्त मोजतेय. डावीकडे : चार चिंध्या, एक बादली, एक किल्ली, साहेबांची घाई, न सांगता केलेली सफाई. उजवीकडे दादा. कितीदाही मोजलं तरी मला स्वतःला डावीकडून काढता येत नाही. मला काढलं की उजवीकडे दादा उरतच नाही, तो सकाळी कामावर जातो आणि दुपारी घरी येतो.

२६ तारीख, गुरुवार, सकाळ

समितीच्या खोलीबाहेर बाकड्यावर. आत खुर्च्या सरकवल्याचे आवाज.

येताना दादाकडे गेले होते. चिंधी त्याच्या हातात दिली. त्यानं काठावरून अंगठा फिरवला, आणि डोळे मिटून घेतले. मग पाटी मागितली. अक्षर वाकडंतिकडं, पण दटावणी तीच, लहानपणापासूनची :

"गप्प बस भिंगरी."

मी चिंधी परत घेतली, पाटी घेतली आणि खाली लिहिलं, "पेपर सोपा होता, दादा." तो रडला. मशीन वाजलं नाही. तेवढंच बरं.

बाहेर वहिनी होती. तिला रात्री सांगितलं होतं सगळं. रात्रभर ती माझ्याशी बोलली नाही, सकाळी डबा मात्र दोघींचा भरला. माझी नजर चुकवून म्हणाली, "पोटात काही घालून जा. उपाशीपोटी तोंडातून शब्द फुटत नाही." क्षमा केली का, माहीत नाही. विचारणार नाही.

मास्तरीण शाळेत गेली नाही. माझ्या शेजारी बसलीय, माझ्या हातातलं समीकरण तपासतेय. आत्ता पेन काढलं. परवाची लाल फुली खोडली आणि बाजूला बरोबरची खूण केली. खूण वाकडी आली.

शिपाई बाहेर आला. नाव पुकारतोय. आधी ही नोंद करते, पुढून, रकान्यात, जिथं करायची तिथं.

वस्तू : पांढरी चिंधी एक, काठाला लाल दोरा.

कुठे सापडली : पंपरूम, ॲसिडच्या कॅनवर.

कोणी नेली : मी.